८०,००० वर्षांचा आकडा आणि एका धूमकेतूचा हिशेब

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान–ॲटलास हा धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला, तेव्हा वर्तमानपत्रात वाचून त्यांनी वर्गात सांगितले की हा आता ८०,००० वर्षांनी परत येईल. पुढे एका मुलाने मोबाइलवरच्या ॲपमध्ये याच धूमकेतूच्या कक्षेची उत्केंद्रता (कक्षा वर्तुळापासून किती लांबट आहे याचे माप) १ पेक्षा जास्त असल्याचे दाखवले आणि विचारले, की मग हा परत येणारच नाही ना, आणि तसे असेल तर तो २०२५ मध्ये सापडलेल्या ३आय/ॲटलाससारखा दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला आहे का? बाईंची आणखी एक तक्रार आहे. धूमकेतू शुक्राहून तेजस्वी झाला असे छापून आले, पण गच्चीवर जमलेल्या मुलांना काहीच दिसले नाही.

मी १९९६ पासून धूमकेतूंच्या तेजस्वितेच्या नोंदी ठेवतो आणि हौसेपोटी कक्षागणितही करतो. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुमचा आकडा कोणी मनाने रचलेला नव्हता, आणि मुलाने दाखवलेला आकडाही चूक नव्हता. दोन्ही आकडे एकाच धूमकेतूचे असले तरी ते वेगवेगळ्या क्षणांचे आणि वेगवेगळ्या गणितांतून आलेले आहेत. धूमकेतू बाहेरच्या ताऱ्याकडून मात्र आलेला नाही, याविषयी शंका नाही.

आता धूमकेतूची ओळख. चीनमधील पर्पल माउंटन वेधशाळेच्या प्रतिमांत तो ९ जानेवारी २०२३ रोजी प्रथम टिपला गेला. त्सुचिनशान हे त्या डोंगराच्याच नावाचे जुने रोमन लिपीतून आलेले रूप. पुढची निरीक्षणे न मिळाल्यामुळे ते टिपण बाजूला पडले, आणि २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतील ॲटलास दुर्बिणीला तोच पदार्थ पुन्हा दिसला, म्हणून दोन्ही नावे जोडली गेली. त्या वेळी तो सूर्यापासून सात खगोलीय एककांहून (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले सरासरी अंतर) अधिक दूर, म्हणजे गुरू आणि शनी यांच्या कक्षांच्या मध्ये होता. २७ सप्टेंबर २०२४ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ, ०.३९ खगोलीय एककावर, म्हणजे सुमारे ५.८५ कोटी किलोमीटरवर आला. बुधाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर जवळपास एवढेच आहे. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून गेला. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे १३९ अंशांचा कोन करते. याचा सरळ अर्थ असा, की ग्रह ज्या दिशेने सूर्याभोवती फिरतात त्याच्या उलट दिशेने तो फिरतो.

त्याच्या नावामागे सी हे अक्षर आहे. सूर्याभोवतीच्या एका फेरीला २०० वर्षांपेक्षा जास्त काळ घेणारे, किंवा ज्यांचा हा काळ ठरवता येत नाही असे धूमकेतू या अक्षराखाली येतात. २०० ही सीमा निसर्गाने घातलेली नाही. नोंदी पुरेशा चांगल्या असलेला काळ जेमतेम एवढाच, म्हणून ती सोयीसाठी ठरली. इकेया–झांग धूमकेतूचा काळ सुमारे ३६६ वर्षांचा आहे, तरी २००२ मधली आणि १६६१ मधली भेट एकाच धूमकेतूची असल्याचे जुळून आल्यामुळे त्याला आवर्ती धूमकेतूंच्या यादीत क्रमांक मिळाला.

मूळ मुद्दा वेगाचा आहे, आणि तो फळ्यावर मांडण्याजोगा आहे. सूर्यापासून ०.३९ एककांवर असलेल्या वस्तूला सूर्याच्या ओढीतून कायमचे सुटायचे असेल, तर तिचा वेग सेकंदाला सुमारे ६७.४ किलोमीटर असावा लागतो. आता असे समजू, की एखादा धूमकेतू बरोबर ८०,००० वर्षांच्या कक्षेत आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वर्षांत मोजलेल्या काळाचा वर्ग हा एककांत मोजलेल्या अर्ध्या लांब अक्षाच्या घनाइतका असतो. त्यानुसार या धूमकेतूचा अर्धा लांब अक्ष सुमारे १,८५७ एकके निघतो आणि तो सूर्यापासून सर्वांत दूर जातो तेव्हा ३,७०० एककांवर असतो. आता उपसूर्य बिंदूपाशी, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागी, या धूमकेतूचा वेग आणि सुटून जाणाऱ्या धूमकेतूचा वेग यांत फरक किती? मी पहिल्यांदा हे गणित केले, तेव्हा कुठेतरी दशांशचिन्ह चुकले असावे असे वाटून ते तीन वेळा तपासले होते. फरक सेकंदाला साडेतीन मीटरचा आहे. सेकंदाला ६७,४०० मीटर वेगाने जाणारी वस्तू ८०,००० वर्षांनी परतणार की कधीच परतणार नाही, हे पहाटे मैदानावर रमतगमत धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतक्या फरकावर ठरते.

हीच गोष्ट उत्केंद्रतेच्या भाषेत मांडता येते, आणि तुमच्या विद्यार्थ्याने ॲपमध्ये पाहिले ते हेच. उत्केंद्रता १ पेक्षा कमी असेल तर कक्षा लंबवर्तुळ, बरोबर १ असेल तर अन्वस्त, आणि १ पेक्षा जास्त असेल तर अपास्त. शेवटच्या दोन्ही कक्षा मिटत नाहीत, त्यांवरून गेलेली वस्तू परत येत नाही. उपसूर्य अंतर ०.३९१ धरून नुसती भागाकाराची आकडेमोड करून पाहा. उत्केंद्रता ०.९९९७ घेतली तर काळ सुमारे ४७,००० वर्षे निघतो. ०.९९९८ घेतली तर ८६,००० वर्षे. ०.९९९९ घेतली तर एकदम २,४४,००० वर्षे. आणि १.०००१ घेतली तर काळ नावाची गोष्टच उरत नाही. चौथ्या दशांशस्थळी दोन-तीन घरे इकडेतिकडे झाली की उत्तर ‘पन्नास हजार’पासून ‘कधीच नाही’पर्यंत सरकते. ८०,००० च्या घरातला आकडा सुरुवातीच्या कक्षागणितातून निघाला होता आणि बातम्यांत तो तसाच राहिला. नंतर ॲपमध्ये जी उत्केंद्रता दिसू लागली ती १.०००१ च्या आसपासची होती. धूमकेतूने या मधल्या काळात आपला मार्ग बदलला असे नव्हे. शेवटच्या दशांशात आपला हिशेब बदलला.

येथे कोणी म्हणेल, की निरीक्षणे जसजशी वाढतील तसतसा तो चौथा दशांश पक्का होत जाईल, मग खरा आकडा मिळेलच. अडचण एवढीच असती तर बरे झाले असते. दोन वर्षे निरीक्षणे झाल्यावर उत्केंद्रता चौथ्याच काय, त्याच्याही पुढच्या दशांशापर्यंत कळते. तरीही काळ ठरत नाही, कारण ती उत्केंद्रता त्या एका दिवसापुरतीच असते. ॲप जी कक्षा दाखवते तिच्यामागे एक गृहीत आहे: या क्षणी सगळे ग्रह अदृश्य झाले आणि एकटा सूर्य उरला, तर धूमकेतू पुढे कोणत्या वाटेने जाईल? प्रत्यक्षात ग्रह आहेत, आणि मुख्य म्हणजे गुरू आहे. गुरूच्या ओढीमुळे सूर्यही जागेवर स्थिर नसतो. सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवती, म्हणजे सूर्य आणि ग्रह यांचा मिळून तोल जेथे साधतो त्या बिंदूभोवती, तो सुमारे बारा वर्षांत एक लहानसा फेरा मारतो आणि त्यात त्याचा वेग सेकंदाला साधारण १२ मीटर असतो. आपले सगळे भवितव्य साडेतीन मीटरवर ठरत होते, हे लक्षात घ्या. धूमकेतूचा वेग सूर्याच्या संदर्भात मोजायचा, आणि सूर्य स्वतःच त्याच्या तिप्पट वेगाने कधी इकडे तर कधी तिकडे डोलतो आहे. म्हणून सूर्यकेंद्री कक्षेची उत्केंद्रता तारखेगणिक १ च्या खाली-वर होत राहते. एका महिन्यात लंबवर्तुळ, काही महिन्यांनी अपास्त. मुलाने पाहिलेला आकडा असाच एका तारखेचा होता.

यात आणखी एक भर पडते. धूमकेतू ग्रहांच्या आत असताना त्याला केंद्रस्थानी ओढणारे वस्तुमान एकट्या सूर्याचे असते. तो नेपच्यूनच्या पलीकडे गेला, की सूर्य आणि सगळे ग्रह मिळून जणू एकच गोळा झाल्यासारखे ते त्याला ओढतात. ग्रहांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.१३ टक्के आहे. एरवी ही रक्कम कोणी मोजणार नाही, पण आपला फरक त्याहूनही पुष्कळ बारीक आहे.

म्हणून कक्षागणित करणारे लोक दीर्घकाळाच्या धूमकेतूसाठी एका आकड्यावर भागवत नाहीत. ते निरीक्षणांवरून कक्षा बसवतात, मग संगणकावर सगळ्या ग्रहांची ओढ हिशेबात धरून धूमकेतूला काळात मागे नेतात. तो ग्रहांच्या खूप बाहेर असतो त्या वेळची, सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवतीची कक्षा काढली की ती झाली ‘मूळ’ कक्षा, म्हणजे तो ज्या वाटेने आत आला ती वाट. तसाच त्याला पुढेही नेतात आणि ग्रहांच्या बाहेर पडल्यानंतरची ‘भावी’ कक्षा काढतात. दीर्घकाळाच्या धूमकेतूला असे दोन वेगवेगळे काळ असतात, येतानाचा आणि जातानाचा. ज्या बातमीत एकच आकडा दिलेला असतो, तिच्यात हा दोहोंपैकी कोणता, हे कधीच लिहिलेले नसते.

या दोन काळांतला फरक किती असू शकतो याचे सर्वांत सुरेख उदाहरण म्हणजे हेल–बॉप. १९९७ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास ज्यांनी संध्याकाळी वायव्येला पाहिले असेल, त्यांना तो आठवत असणारच. तो शोधावा लागत नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभे राहून लोक एकमेकांना दाखवत होते, आणि आमच्या शेजारच्या आजी त्याला धूमकेतू न म्हणता शेंडेनक्षत्र म्हणत होत्या. त्याचे केंद्रक, म्हणजे मधला बर्फ-धुळीचा घट्ट गोळा, सुमारे ६० किलोमीटर व्यासाचे, म्हणजे धूमकेतूंच्या मानाने अवाढव्य. तो आत आला तेव्हा त्याचा काळ सुमारे ४,२०० वर्षांचा होता. येताना १९९६ च्या एप्रिलात तो गुरूपासून ०.७७ एककांवरून गेला. गुरूने त्याचा वेग किंचित कमी केला, आणि जाताना त्याचा काळ सुमारे २,५०० वर्षांवर आला. एकाच भेटीत दीड हजारांहून अधिक वर्षे गळाली. त्याच्या वर्षभर आधी, १९९६ च्या मार्चमध्ये, पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेलेल्या ह्याकुताकेच्या बाबतीत उलटे घडले: येतानाचा काळ सुमारे १७,००० वर्षे आणि जातानाचा सुमारे ७०,००० वर्षे. २०२० च्या निओवाइजचा येतानाचा काळ सुमारे ४,५०० आणि जातानाचा सुमारे ६,८०० वर्षांचा. या सगळ्यांत सूर्याशी तुलनेने घट्ट बांधलेला धूमकेतू हेल–बॉप, त्यामुळे त्याचे आकडे आपण बऱ्याच विश्वासाने सांगू शकतो. कक्षा जितकी लांब तितका आकडा डळमळीत, हे ध्यानात ठेवावे. भारतीय माणसाचे नाव असलेला धूमकेतू म्हणजे १९४९ चा बाप्पू–बॉक–न्यूकर्क. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना तो सापडला. त्याचाही काळ ६०,००० वर्षे असा छापला जातो. तो आकडा वाचतानाही हीच खबरदारी घ्यावी.

आता त्सुचिनशान–ॲटलासकडे परत. त्याला काळात मागे नेले, की येतानाची कक्षा इतकी लांब निघते की तिचा काळ लाखो वर्षांच्या पट्ट्यात जातो. म्हणजे तो ऊर्टच्या मेघातून, सूर्यमालेभोवती फार दूर असलेल्या धूमकेतूंच्या साठ्यातून, आलेला आहे. काही बातम्यांत ‘याआधी हा निअँडरथल मानवाने पाहिला होता’ असे वाक्य होते. ८०,००० वर्षे हा आकडा तोंडपाठ झाल्यावर कोणीतरी उलटी वजाबाकी केली, त्याचे ते फळ. जातानाचा आकडा मात्र कोणती निरीक्षणे धरली आणि धूमकेतूच्या स्वतःच्या रेट्याचे काय गृहीत धरले, यानुसार सरकतो.

या रेट्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दगडासारख्या लघुग्रहाच्या गणितात तो जवळपास नसतो. सूर्याच्या उष्णतेने केंद्रकावरच्या बर्फाची वाफ होते आणि ती बहुतेक सूर्याकडच्या बाजूने फवाऱ्यांसारखी बाहेर पडते. वायू एका बाजूने सुटला की केंद्रकाला दुसऱ्या बाजूने ढकल बसते. ही ढकल सूर्याच्या ओढीच्या काही लाखांश भागाइतकी असू शकते. पण सेकंदाला साडेतीन मीटरचा प्रश्न असताना लाखांशालाही किंमत येते. ब्रायन मार्सडन, झ्डेनेक सेकानिना आणि डोनाल्ड योमन्स यांनी १९७३ मध्ये ही ढकल गणितात बसवण्याची जी पद्धत घालून दिली, ती थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. फवारे कोठून निघतात, केंद्रक कसे फिरते, हे प्रत्येक धूमकेतूचे वेगळे असते आणि बहुतेकदा ते दुर्बिणीतून दिसत नाही.

ऊर्टच्या मेघाचा शोधही याच आकडेमोडीतून लागला, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. नेदरलंड्समधील यान ऊर्ट यांनी १९५० मध्ये ज्यांच्या मूळ कक्षा नीट काढल्या होत्या अशा १९ धूमकेतूंची यादी घेतली. त्यांतले बरेचसे एकाच ठिकाणी दाटीवाटीने गोळा झालेले दिसले: सगळे हजारो एककांच्या पलीकडून, आणि जवळपास सुटण्याच्या वेगाने येणारे. सूर्यमालेभोवती फार दूर धूमकेतूंचा साठा असला पाहिजे आणि जवळून जाणारे तारे त्यांतल्या एखाद्याला अधूनमधून आत ढकलत असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज या ढकलण्यात आपल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाचाही मोठा वाटा असल्याचे मानले जाते. तो मेघ अजून कोणी दुर्बिणीतून पाहिलेला नाही. तो आपल्याला माहीत आहे तो उलटे नेलेल्या कक्षांमुळेच. सूर्यकेंद्री, एका दिवसापुरत्या कक्षांवर ऊर्ट थांबले असते, तर ती दाटी त्यांना दिसली नसती.

मग अपास्त कक्षा आहे, तर धूमकेतू बाहेरचा का नाही? येथे उत्केंद्रता १ पेक्षा जास्त आहे की नाही एवढेच न पाहता किती जास्त आहे ते पाहावे. ३आय/ॲटलासची उत्केंद्रता ६ पेक्षा जास्त आहे, आणि सूर्यापासून अनंत अंतरावर असतानाही त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५८ किलोमीटर होता. असेच बाहेरून आलेले आणखी दोन पाहुणे: २०१९ च्या बोरिसोव्हचा असा वेग सुमारे ३२ किलोमीटर होता, तर २०१७ च्या ओउमुआमुआचा सुमारे २६ किलोमीटर. सूर्याच्या आसपासचे तारे एकमेकांच्या संदर्भात सेकंदाला दोन आकडी किलोमीटर वेगाने फिरतात, त्यामुळे त्यांच्याकडून आलेली वस्तू त्याच तोलाच्या वेगाने येणार. त्सुचिनशान–ॲटलासची १.०००१ ही उत्केंद्रता अगदी जशीच्या तशी खरी मानली, तरी अनंत अंतरावर त्याचा वेग सेकंदाला अर्धा किलोमीटरच निघतो, आणि ग्रहांचा हिशेब घालून मागे नेले की तेवढाही उरत नाही. तो आपलाच आहे. काही धूमकेतू ग्रहांच्या ढकलीने खरोखरच सूर्यमाला सोडून जातात. पण ते इथून जाणारे असतात, तिथून आलेले नव्हेत.

आता तेजस्वितेची तक्रार. नुसता सूर्यप्रकाश परावर्तित करणारी वस्तू सूर्याच्या दुप्पट जवळ आली, तर चौपट उजळ होते. धूमकेतू जवळ येताना वायू आणि धूळही सोडत जातो, म्हणून सर्वसाधारण धूमकेतू तेवढ्याच अंतरात सोळापट उजळ होतो असे धरून भाकीत केले जाते. परंतु पहिल्यांदाच आत येणाऱ्या धूमकेतूच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइडसारखे सहज उडून जाणारे बर्फ शिल्लक असतात. ते सूर्यापासून फार दूर असतानाच वाफाळू लागतात, धूमकेतू अपेक्षेपेक्षा लवकर सापडतो आणि लवकर उजळ दिसतो. पाण्याच्या बर्फाची खरी पाळी तीनेक एककांच्या आत येते. तोवर वरचा थर उडून गेलेला असतो आणि उजळण्याची चाल मंदावते. १९७३ च्या कोहौतेकने हेच केले. तो गुरूच्या कक्षेजवळच्या अंतरावर सापडला, ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला, आणि प्रत्यक्षात तो सामान्य लोकांना निराश करून गेला. २०१३ चा आयसॉन तर २८ नोव्हेंबरला सूर्यापाशीच विखुरला. नव्या धूमकेतूंपैकी पुष्कळसे दुसऱ्या फेरीला दिसतच नाहीत, हे कोडे ऊर्ट यांनाही १९५० मध्ये पडले होते.

त्यामुळे २०२४ च्या जुलैमध्ये सेकानिना यांनी त्सुचिनशान–ॲटलास सूर्याजवळ पोचण्याआधीच मोडून पडेल असे लिहिले, तेव्हा ते भाकीत हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. त्यांनी दाखवलेली लक्षणे खरी होती: उजळण्याचा वेग थांबलेला, शेपटी विचित्र. मीही त्या वेळी एका व्याख्यानात ‘फार आशा धरू नका’ असे सांगून बसलो होतो. धूमकेतू तरला. त्याच्यापाठोपाठ २७ सप्टेंबर २०२४ ला सापडलेला दुसरा ॲटलास, सूर्याला अगदी चाटून जाणाऱ्या क्रॉइट्झ कुळातला, २८ ऑक्टोबरला सूर्यापाशी नाहीसा झाला.

शुक्राहून तेजस्वी झाला, हे खरे आहे. ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतू जवळजवळ पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधोमध होता. बारीक धूळ मागून प्रकाश पडला तर समोरच्या बाजूला तो फार जोराने पसरवते. समोरून गाडीचा दिवा आला की काचेवरची धूळ कशी झळकते, तसेच हे. त्यामुळे तेजस्विता सुमारे उणे ५ प्रतीपर्यंत चढली (प्रत हे तेजस्वितेचे माप, आकडा जितका लहान तितकी वस्तू उजळ). पण त्या वेळी तो आकाशात सूर्याच्या अगदी शेजारी होता. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात सूर्य झाकलेला असतो, म्हणून तेथे तो डोळे दिपवणारा दिसला. गच्चीवरून तो दिसणे शक्यच नव्हते. १२ ऑक्टोबरनंतर तो संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला, १४ तारखेला शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या भागात होता. त्याच सुमारास पृथ्वी त्याच्या कक्षेची पातळी ओलांडत होती, म्हणून नेहमीच्या शेपटीच्या उलट, सूर्याच्या दिशेला रोखलेली एक बारीक सुईसारखी रेघही छायाचित्रांत आली. ती दुसरी शेपटी नव्हती. कक्षेत पसरलेली जड धूळ कडेने पाहिल्यामुळे तशी दिसली.

मग १६ ऑक्टोबरला कोजागिरी आली. पूर्ण चंद्राच्या उजेडात धूमकेतूचा फिकट पिसारा विरघळून जातो, आणि तुमच्या मुलांचे बहुधा तेव्हाच वर पाहणे झाले असावे. २१ तारखेला चंद्र उगवण्याआधी तासाभराहून जास्त अंधार मिळत होता. घाटमाथ्यावरच्या एका पठारावर आम्ही चौघे होतो. धूमकेतूची प्रत काढण्याची पद्धत जुनी आणि साधी आहे. तारा बिंदूसारखा असतो आणि धूमकेतू कापसाच्या बोळ्यासारखा, म्हणून तुलना करण्यासाठी दुर्बीण मुद्दाम थोडी अस्पष्ट करायची, ताऱ्यांचेही बोळे करायचे, आणि मग धूमकेतू कोणत्या दोन ताऱ्यांच्या मध्ये बसतो ते पाहायचे. भुजंगधारी तारकासमूहातला डेल्टा हा तारा २.७ प्रतीचा आणि लॅम्डा ३.८ प्रतीचा. धूमकेतू डेल्टापेक्षा बराच फिका, लॅम्डापेक्षा जरा उजळ. मी वहीत ३.५ लिहिले. त्याच संध्याकाळी शहराच्या कडेला राहणाऱ्या एका मित्राने ४.३ नोंदवले. दोघांच्याही नोंदी प्रामाणिक होत्या. त्याच्या आकाशात बोळ्याची बाहेरची फिकट कड बुडून गेली होती, त्यामुळे त्याने लहान धूमकेतू मोजला. तेजस्वितेचा आकडा वाचतानाही तो कोणत्या आकाशातून, कोणत्या साधनाने घेतला हे सोबत हवे, ते यासाठी.

वर्गात हे करून दाखवायचे असेल, तर अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘होरायझन्स’ ही सेवा सगळ्यांना खुली आहे. तेथे धूमकेतूचे नाव देऊन कक्षेचे घटक मागवा. पहिल्यांदा केंद्र म्हणून सूर्य निवडा आणि २०२३ ते २०३५ मधल्या पाच-सहा तारखा द्या. मुलांना उत्केंद्रता तारखेगणिक हललेली दिसेल. मग केंद्र बदलून सूर्यमालेचे वस्तुमानकेंद्र घ्या आणि १९०० व २१०० ही दोनच वर्षे द्या, म्हणजे येतानाची आणि जातानाची कक्षा शेजारीशेजारी मिळेल. ज्या तारखेला कक्षा अपास्त असेल, त्या ओळीत काळाच्या रकान्यात ९.९९ आणि पुढे दहाचा ९९ वा घात असे काहीतरी छापलेले येईल. ती वर्षे नव्हेत. रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून संगणकाने तो असा भरलेला असतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी तोही आकडा वहीत उतरवून घेईल.